प्रमाणपत्रानंतरची दोन वर्षे

महाराष्ट्रभर उद्योजकतेचे वर्ग चालवणाऱ्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना १९८८ साली झाली आणि त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. राज्यस्तरीय संस्था म्हटली की ती मुंबईत नाहीतर पुण्यात, हे गृहीत धरलेल्या मराठवाड्यासाठी ही बाब लहान नव्हती. याच शहरात बँक ऑफ महाराष्ट्रची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. जिल्हा उद्योग केंद्र आहे, पैठण रस्त्यावर आणि गांधेलीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, विद्यापीठाचे नवउद्योगांचे केंद्र आहे, उद्योजकांच्या संघटनेने उभे केलेले ‘मॅजिक’ आहे. ‘उमेद’ अभियानाचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे (‘माविम’) बचत गट गावोगाव आहेत. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची अशी दाटी फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली असेल.

तरीही सोयगाव, कन्नड किंवा वैजापूर तालुक्यातल्या बारावी झालेल्या मुलाला पुढे काय करणार असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात: पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, नाहीतर वाळूजला कंपनीत कंत्राटी काम. ‘धंदा करीन’ असे म्हणणारा क्वचित भेटतो, आणि भेटला तरी त्याच्या मागे उभा असलेला बाप मान हलवत असतो. त्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. गावात धंदा टाकून बसलेली आणि दोन वर्षांत शटर ओढलेली पोरे त्याने पाहिलेली असतात. त्यांतल्या काहींच्या भिंतीवर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही असते.

हे पुस्तक असे वर्ग घेणाऱ्यांसाठी आणि त्यांत बसणाऱ्यांसाठी आहे. प्रकल्प अहवाल कसा करावा, परवाने कोणते लागतात, हिशेब कसा ठेवावा हे सगळे पुढच्या प्रकरणांत क्रमाने आले आहे. त्याची उजळणी मी येथे करत नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे. गावातल्या तरुणाचा धंदा टिकेल की नाही याचा निकाल वर्गातल्या दहा किंवा तीस दिवसांत लागत नाही. तो लागतो प्रमाणपत्र हातात पडल्यानंतरच्या दोन वर्षांत. आणि त्या दोन वर्षांत त्याला ज्या गोष्टी गाठतात, त्यांच्याविषयी आपले वर्ग फार कमी बोलतात.

थोडे मागे जाऊ. उद्योजक जन्मावा लागतो की घडवता येतो, हा प्रश्न आपल्या देशात १९६४ मध्ये प्रत्यक्ष प्रयोग करून तपासला गेला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेबरोबर आंध्रातल्या काकिनाडा शहरातल्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिले. पुढे त्यांच्या व्यवसायांचे काय झाले ते पाहिले आणि शेजारच्या राजमहेंद्रीतल्या, प्रशिक्षण न मिळालेल्या व्यावसायिकांशी तुलना केली. काकिनाड्याच्या मंडळींनी पुढच्या काळात अधिक भांडवल घातले आणि अधिक माणसे कामावर ठेवली. पारंपरिक वळणाचा, पूजाअर्चा करणारा, जातपात मानणारा माणूस नवा उद्योग करू शकत नाही, हा तेव्हाच्या विद्वानांचा समजही या अभ्यासाने मोडून काढला. १९६९ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. गुजरातने साठच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उचलली, १९८३ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय पातळीवरची उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि महाराष्ट्राचे केंद्र त्याच वाटेने आले.

दुसरी वाट खेड्यांकडून आली. १५ ऑगस्ट १९७९ रोजी केंद्र सरकारने ‘ट्रायसेम’ सुरू केली. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण देणारी ही देशव्यापी योजना एप्रिल १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. ज्यांना ती आठवते त्यांना विद्यावेतन आणि अवजारांची पेटी आठवते. पेटी पुढे कुठे गेली हे फारसे कोणी विचारले नाही. गावात किती कपडे शिवून घेतले जातात याचा अंदाज न घेता एकाच गावातल्या अनेकांना शिवणकाम शिकवले गेले. याच काळात कर्नाटकात उजिरे येथे १९८२ मध्ये धर्मस्थळाच्या शिक्षण संस्थेने सिंडिकेट आणि कॅनरा या दोन बँकांना बरोबर घेऊन वेगळा घाट घातला: निवासी प्रशिक्षण, तेही मोफत, कर्जासाठी बँक सोबत, आणि प्रशिक्षण संपल्यावरही पाठपुरावा. २००९ मध्ये केंद्र सरकारने हाच नमुना घेऊन प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था काढण्याचे काम बँकांवर सोपवले. संभाजीनगरची संस्था त्यांतलीच. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करायचा, ही या नमुन्यातली अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. पुस्तकाच्या प्रस्तावनेला मी तिचेच नाव दिले आहे.

मॅक्लेलंड यांच्या प्रशिक्षणातला रिंग फेकण्याचा खेळ आजही आपल्या वर्गांत खेळला जातो. समोर खुंटी असते, किती अंतरावरून रिंग टाकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. अगदी जवळून टाकणारा सुरक्षित राहतो, फार लांबून टाकणारा नशिबावर विसंबतो आणि मधले अंतर निवडणारा उद्योजक होण्याच्या लायकीचा, असा त्याचा अर्थ सांगतात. खेळ चांगला आहे, पोरांना तो आवडतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलासमोर त्याचा अर्थ सांगताना प्रशिक्षकाने थांबायला हवे. या मुलाच्या घरी जूनमध्ये कपाशी लावतात, पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी होते. २०१२-१३ चा दुष्काळ त्याने लहानपणी पाहिला आहे, २०१५-१६ चाही पाहिला आहे. त्याचे घर दरवर्षी फार लांबूनच रिंग टाकत आले आहे आणि ते अंतर घरातल्या कोणी निवडलेले नाही. अशा मुलाला ‘जोखीम घ्यायला शिका’ असे फळ्यावर लिहून दाखवणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडे धाडसाची वाण नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अंतर निवडण्याची संधी त्याला मिळते आहे, हे त्याला सांगावे. पाच लाखांचे यंत्र घेण्याआधी पाच हजारांचा माल आठवडी बाजारात विकून पाहता येतो, तो फसला तर घर बुडत नाही. त्याच्या मनातली भीती अशा छोट्या प्रयोगानेच कमी होते. प्रेरणेच्या भाषणांनी ती तेवढ्यापुरती झाकली जाते.

आता उधारीविषयी बोलतो, कारण गावातला धंदा मारण्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या जिल्ह्यात पैसा वर्षभर सारखा हिंडत नाही. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे येते, मका त्याच सुमारास. सिल्लोड-कन्नडकडची मका बाजारात गेली, कापूस व्यापाऱ्याने मोजला की गावात नोटा दिसतात. लग्नसराईपर्यंत तो ओघ कसाबसा पुरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पैसा असेल तो बियाण्यात, खतात, औषधात आणि पोरांच्या शाळेच्या खर्चात जातो. त्या चार महिन्यांत किराणा उधार, कृषी सेवा केंद्र उधार, वायरमनचे काम उधार. ‘कापूस विकला की देतो’ हे वाक्य खोटे नसते. देणारा खरोखर देतो, पण कापूस विकल्यावर.

बँकेचा हप्ता मात्र महिन्याचा महिन्याला असतो. समजा, एखाद्या मुलाने अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून धंदा सुरू केला. ५ लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. हप्ता येतो साधारण १०,९०० रुपये. बँकेने सुरुवातीचे काही महिने सवलत दिली तर बरे, नाही दिली तर पहिला हप्ता येतो नेमका पेरणीच्या तोंडावर. पोळ्यापर्यंत त्याच्याकडे गिऱ्हाईक भरपूर असते, माल उत्तम असतो, वहीत येणे लाखाच्या पुढे गेलेले असते आणि खिशात हप्त्यापुरतेही पैसे नसतात. दोन हप्ते चुकले की बँकेचा फोन, तिसरा चुकला की खाते थकीत. दिवाळीत उधारी वसूल होते खरी, पण तोवर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडलेले असते आणि दुकानात भरायला नवा माल घेण्याची ऐपत संपलेली असते. कागदावर हा धंदा नफ्यात होता. प्रकल्प अहवालात वर्षाची विक्री बाराने भागून दरमहा दाखवलेली असते, तिथेच पहिली चूक होते.

त्यातून गावातली उधारी ही नात्यागोत्याची असते. चुलत्याला ‘रोख द्या’ कसे म्हणायचे? सरपंचाचा माणूस आला तर? ज्या भावकीने दुकानासाठी ओट्यावरची जागा दिली, तिच्याकडे पैसे मागायचे कधी? शहरातल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या प्रश्नांना जागा नाही, म्हणून ती आपण करायला हवी. उधारवही कशी ठेवायची, एका घराला किती रकमेपर्यंत द्यायचे, रोखीला थोडी सूट देऊन सवय कशी लावायची, कामाआधी निम्मी रक्कम न लाजता कशी मागायची, हे वर्गात बोलून दाखवून शिकवता येते. एकाने चुलता व्हावे, दुसऱ्याने दुकानदार. माझ्या मते असा एक तास प्रेरणेच्या चार व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि तो घेणारा प्रशिक्षक गावात दुकान चालवलेला असावा.

धंदा निवडतानाच हा विचार करता येतो. ज्याच्या हातात पैसा वारंवार येतो असे गिऱ्हाईक शोधावे. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी निघते. त्याला लागणारी वस्तू विकणाऱ्याचा पैसा अडकत नाही. मुरघासाचा धंदा म्हणूनच मला आपल्या जिल्ह्यासाठी योग्य वाटतो. मका इथे मुबलक आहे. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतही ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून या जिल्ह्याच्या नावापुढे मकाच आहे. कणीस दुधात असताना ती कापायची, कुट्टी करायची, दाबून हवाबंद पिशव्यांत भरायची आणि उन्हाळ्यात चारा संपला की विकायची. मोटार वायंडिंगचेही तसेच. रब्बीत गहू पाण्याला आलेला असताना विहिरीवरची मोटार जळाली तर शेतकरी थांबू शकत नाही, तो त्याच दिवशी दुरुस्ती मागतो आणि पैसेही देतो. मात्र पावसाळ्यात हाच कारागीर रिकामा बसतो, म्हणून त्याला त्या महिन्यांसाठी दुसरे काम हाताशी हवे. कोणत्या महिन्यात कोणाकडे पैसा असतो याचे बारा महिन्यांचे कोष्टक प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने आपल्या गावापुरते स्वतः भरावे. प्रकल्प अहवाल त्यानंतर लिहावा.

कर्ज आणि अनुदान यांविषयीचे गैरसमज उधारीइतकेच घातक आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान मिळते. ऐकणाऱ्याला वाटते, हे पैसे हातात येणार. प्रत्यक्षात ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहतात आणि धंदा चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळते होतात. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले नाही, तर मधला माणूस शिरतो. तो फाइल करून देतो, यंत्राचे कोटेशन फुगवून आणतो, ‘सबसिडी सुटली की माझे इतके’ असे ठरवतो. फुगवलेल्या कोटेशनवरचे कर्ज मात्र त्या पोराला फेडायचे असते. आणखी एक गोष्ट बँकेचे अधिकारी खासगीत सांगतात आणि ती वर्गात सांगितली जात नाही: पुष्कळ अर्ज धंद्याची कल्पना वाईट म्हणून परत जात नाहीत. मोबाइल हप्त्यावर घेतला आणि शेवटचे दोन हप्ते बुडवले, एवढ्यावर ते अडतात. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने आपले सिबिल काढून पाहिले, तर पुढचा सहा महिन्यांचा हेलपाटा वाचेल.

मुलींची वाट आणखी अवघड आहे. वर्गात त्या संख्येने पुष्कळ असतात, मन लावून शिकतात. शिवण, पार्लर, मसाले, शेळीपालन शिकून बाहेर पडतात आणि वर्षभरात लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जातात. कर्जाची फाइल माहेरच्या गावच्या रहिवासी दाखल्यावर केलेली असते, ती तिथेच राहते. सासरी गिऱ्हाईक ओळखीचे नाही, नवऱ्याच्या संमतीशिवाय यंत्र हलत नाही. पाठपुरावा करणारी संस्था रजिस्टरमध्ये ‘संपर्क नाही’ असे लिहून मोकळी होते. यावर उपाय कठीण नाहीत. मुलगी जिथे जाईल तिथल्या जिल्ह्याच्या संस्थेकडे तिचे नाव वर्ग करावे, फाइल तिच्यासोबत जावी आणि नव्या गावच्या बचत गटाने तिला आपल्यात घ्यावे. प्रशिक्षणाच्या एखाद्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसालाही बोलावावे. सासूने एकदा हिशेब समजून घेतला की ती सुनेच्या धंद्याची मोठी पाठराखीण होते, हे बचत गटांत काम करणाऱ्या कोणत्याही ताईला विचारा.

या शहराने तरुणांना शिकवले ते केवळ वर्गांतून नव्हे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांचे जाळे विणले गेले. गंगापूर, पैठण, खुलताबाद तालुक्यांतली मुले तिथे यंत्रावर उभी राहिली आणि त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःचे शेड घातले. मालाची प्रत, वेळेवर पोच, मालकाची ओढाताण हे सारे त्यांनी नोकरी करताना पाहिलेले होते. आता शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ऑरिक हे औद्योगिक शहर उभे राहत आहे, बिडकीनला विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या मोठ्या कंपन्या येऊ घातल्या आहेत. त्या पट्ट्यातल्या अनेक घरांत जमिनीच्या मोबदल्याचा पैसा आला आणि त्यांतला बराचसा गाड्या-बंगल्यांत गेला. त्या घरांतल्या मुलांसाठी वर्ग आधी भरायला हवे होते. पण कारखान्यांना जेवण, वाहने, पॅकिंग, देखभाल या सेवा पुढेही लागणार आहेत आणि त्यांसाठी अजून उशीर झालेला नाही. फक्त एक ध्यानात ठेवावे: कंपनीचे बिलही उधारच असते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि बिलावर तारीख हवी. गावातल्या चुलत्याकडून वसुली करायला शिकलेल्या मुलाला कंपनीच्या लेखा विभागाशी बोलणे अवघड जाणार नाही.

महाराष्ट्रात याबाबत शिकण्यासारखी उदाहरणे आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती शिकताना गावकऱ्यांची खरी कामे करतात आणि त्यांचे दाम घेतात. गेट वाकडे झाले तर गिऱ्हाईक परत आणते. वर्गात असतानाच गिऱ्हाईक भेटलेला मुलगा बाहेर पडल्यावर गोंधळत नाही. साताऱ्याच्या म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला बँकेने आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांची कमाई कशी येते ते पाहून कर्ज आणि परतफेड बेतली, आणि व्यवसायाचे शिक्षण गाडीत घालून गावात नेले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरबांधणीच्या कामातून पुढे आलेल्या बायकांना घेऊन स्वयं शिक्षण प्रयोगाने ग्रामीण उद्योजिकांचे जाळे उभे केले. तिथे एक उद्योजिका दुसरीला हात देते. या तिन्ही ठिकाणी शिकणाऱ्याचा हात प्रमाणपत्रानंतर सोडलेला नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांना हे जमणार नाही असे मी मानत नाही. इमारती आहेत, अनुभवी प्रशिक्षक आहेत, चिकलठाणा-वाळूजच्या उद्योजकांचे सहकार्य मिळू शकते. कमी आहे ती पाठपुरावा करणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या मोटारसायकलच्या पेट्रोलची. किती जणांना प्रशिक्षण दिले, हा आकडा वरून विचारला जातो, म्हणून तोच खाली भरला जातो. त्याऐवजी दोन वर्षांनी किती दुकाने उघडी आहेत हा आकडा विचारला, तर तालुक्याला एक पाठपुरावा करणारा माणूस नेमण्याची गरज आपोआप दिसेल.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांना काही विनंत्या आहेत. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी कर्ज मंजूर करताना त्या गावचे पीक कधी निघते ते विचारावे आणि हप्ते त्याप्रमाणे बांधून द्यावेत. प्रशिक्षकांनी प्रमाणपत्र देताना त्यावर पुढच्या भेटीची तारीख लिहावी, आणि त्या तारखेला त्या गावात जावे. आणि तू, जो किंवा जी हे पुस्तक हातात घेऊन वर्गात बसला किंवा बसली आहेस: कर्जाची फाइल करण्याआधी, तुला जे विकायचे आहे ते थोडेसे का होईना करून जवळच्या आठवडी बाजारात रोखीने विकून ये, आणि कोणी काय विचारले, काय नाकारले, कोणी उधार मागितले, हे वहीत लिहून वर्गात घेऊन ये.